ठमाबाईची धार

बारामतीच्या पेठेमागं, कालव्याकडं जाणाऱ्या वाटेवर सावळाराम न्हाव्याचं दोन खणांचं घर होतं. घरापुढच्या लिंबाखाली पोतं अंथरून तो बसायचा, तेच त्याचं दुकान. सावळारामाचा हात मोठा मऊ. गिऱ्हाईक समोर बसलं की आधी गुळाच्या भावाची, मग उसाच्या पाळीपाण्याची चौकशी व्हायची. बोलता बोलता तो वाटीतलं पाणी गालाला लावून असा चोळायचा, की माणसाच्या पापण्या जड व्हायच्या. मग वस्तरा टेकायचा आणि मिटलेले डोळे खाडकन उघडायचे.

"सावळा, दाढी करतोस का तण उपटतोस रं?" हिंदुराव पाटील डोळ्यांतलं पाणी पुशीत विचारायचे.

"पाटील, तुमची दाढीच पाटलाची हाय. ती सरळ माघार घेतीय व्हय?" असं म्हणून सावळाराम त्यांना हसवायचा. हसवून हसवूनच त्यानं गिऱ्हाईक टिकवलं होतं. वस्तरा पाजवणं त्याला जमायचंच नाही. दगडावर वस्तरा घासायला बसला की त्याचं लक्ष रस्त्यावरून कोण चाललंय तिकडं असायचं.

ठमा लग्न होऊन या घरात आली आणि दाराआड चुलीपाशी बसल्या बसल्या तिला तो आवाज रोज ऐकू येऊ लागला. खर्र, खर्र. तिच्या दाढा शिवशिवायच्या. कारण तिला दुसरा आवाज ठाऊक होता.

ती अंथुर्ण्याच्या रामहरी न्हाव्याची लेक. रामहरीला दगडांचा नाद होता. उन्हाळ्यात नीरेचं पाणी उतरलं की तो पात्रात हिंडायचा, एखादा दगड उचलायचा, पाण्यात बुडवून वर धरायचा, नखानं ओरखडून बघायचा आणि शंभरातले नव्व्याण्णव परत टाकून द्यायचा. उरलेला घरी आणून तो वाळूवर महिना महिना घासून सपाट करायचा. वस्तरा पाजवायच्या दगडाला निसणा म्हणतात. रामहरीकडं असे निसणे ओळीनं मांडलेले असायचे, खरबरीत आधी आणि मऊ शेवटी. शेवटचा काळाभोर होता, त्यावर हात फिरवला तर म्हशीच्या रेडकाच्या नाकाची आठवण व्हावी इतका मऊ.

रामहरीनं आपल्या दोन्ही लेकांना शिकवलं. त्यांचे हात बरे होते, पण कान नव्हते. पाणी शिंपडायला बसवलेल्या ठमाला मात्र कान होता. एकदा बापाचा हात चालू असताना तिनं मधेच म्हटलं, "आबा, टोकाकडं रडतोय त्यो." रामहरीनं वस्तरा उजेडात धरून पाहिला. टोकाशी बारीक खांड, धारेतली खाच, राहिली होती. त्यानंतर दुपारी घरात कुणी नसलं की तो वस्तरा तिच्या हाती द्यायचा.

"त्याला दगडावर झोपव. उभा करू नगंस. पाठ आन् धार दोन्ही टेकल्या पायजेत. फिरवताना पाठीवर फिरव, धारंवर न्हाय. आन् दाबू नगंस बाय, दाबलंस की रुसतो."

सासरी निघताना रामहरीनं त्या काळ्या निसण्याचा जोडदगड, हातभरापेक्षा लहान, तिच्या गाठोड्यात लुगड्यांखाली ठेवला. "सासूनं इचारलं तर वरवंटा म्हणून सांग," तो म्हणाला आणि तोंड फिरवून जनावराकडं गेला.

सासूबाई छबूबाईंनी खरंच विचारलं, आणि ठमानं वरवंटाच सांगितलं. मग छबूबाईंनी एके दिवशी त्यावर आलं ठेचलं. त्या दिवसापासून घरातलं आलंलसूण ठमाच वाटू लागली आणि सासूबाई शेजारणीला सांगू लागल्या, "सून कामाची हाय हो, मला पाट्याला हात लावू देत न्हाय."

असं वर्ष गेलं. एका लग्नसराईत सावळारामानं नवरदेवाच्याच हनुवटीला कापलं. रक्त थांबेना, तुरटी संपली, करवल्या कुजबुजल्या. सावळाराम घरी आला तो हसला नाही, जेवून नुसता आढ्याकडं बघत पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गुळाच्या अडत्याकडून बोलवणं आलं म्हणून हत्यारांची धोकटी घरीच ठेवून गेला. छबूबाई शेजारी गेलेल्या. ठमानं पुढचं दार लोटलं, धोकटीतला वस्तरा काढला आणि तो वरवंटा पाण्यात भिजत घातला.

हातांना आठवायला जरा वेळ लागला. आधी खरखर, मग घोगरा आवाज. दगडाला करडं दूध सुटलं. हळूहळू आवाज बारीक होत गेला आणि शेवटी गव्हाच्या ओंब्यांतून वारं जावं तसं नुसतं सुर्र सुर्र उरलं. तिनं अंबाड्यातून एक केस उपटला आणि धारेवर सोडला. केस दोन झाला.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव पाटील लिंबाखाली बसले आणि दाढी होता होता घोरायला लागले.

तेव्हापासून हे चालू झालं. सावळाराम काही विचारायचा नाही, ठमा काही सांगायची नाही. फक्त धोकटी पूर्वी खुंटीवर असायची, ती आता बाजाराच्या आदल्या दिवशी पाण्याच्या माठापाशी, तोंड उघडं अशी सापडायची. ठमाला वाटायचं, धनी मोठे विसरभोळे. सावळारामाचं गिऱ्हाईक वाढलं. बाजाराला आलेले खेड्यापाड्यांतले न्हावी त्याचा वस्तरा हातात घेऊन बघायचे, मनगटावरचे केस काढून बघायचे आणि म्हणायचे, "सावळाराम, आमचा बी एक पाजवून ठेव की." तो "बघू, बघू" म्हणत धोकटीत टाकायचा. ठमाच्या हातात आता परक्यांचे वस्तरे येऊ लागले. गावच्या लोहारानं घडवलेले जाड, हट्टी. विलायती, पातळ, शिंगाच्या मुठीचे. कुणाचा मधेच खोलगट, कुणाचा एका बाजूला झिजलेला. वस्तरा बघून त्याच्या मालकाचा स्वभाव सांगावा, असा तिला छंदच लागला. छबूबाई पुढं वारल्या, पण त्यांनाही कधी कळलं नाही. की कळलं होतं, कोण जाणे. शेवटच्या दुखण्यात त्या एकदा म्हणाल्या होत्या, "तुझा वरवंटा जपून ठिव."

मग अंथुर्ण्याला ठमाच्या चुलतभावाचं लग्न निघालं. रामहरी त्याआधीच वारला होता. साखर कारखान्यासाठी उसाचे मोठमोठे फड उभे राहायला लागले होते ते हे दिवस. इंदापूर आणि बारामती, दोन्हीकडची जातभाई मंडळी अंथुर्ण्याला जमली. पंगत उठली आणि पुरुषमंडळी मांडवात पान खात बसली. त्यात इंदापूरचे गेणबा होते. जातीतला वडीलधारा माणूस, पांढऱ्याशुभ्र गलमिशा, बोलणं कमी. त्यांच्यापुढं तरणे न्हावी विडी ओढत नसत.

गेणबांनी सावळारामाला जवळ बोलावलं. कमरेच्या पंच्यातून एक फडकं काढलं, ते सोडलं. आत एक जुना विलायती वस्तरा होता. गंजानं तांबडा झालेला, धारेला दोन ठिकाणी खांडा पडलेल्या.

"माझ्या बापाचा हाय," गेणबा म्हणाले. "कालवा खणला तवा गोऱ्या सायबाची दाढी बाप करायचा. सायब जाताना देऊन गेला. बाप गेला तसा ह्यो पेटीत पडला. आता नातवाचं जावळ काढायचंय, ते ह्येच्यानंच काढावं असं मनात हाय. तुझ्या हाताचं लई ऐकलंय. जीव दे ह्येला."

मांडवाच्या कुडामागं बायका बसल्या होत्या. ठमानं कुडाच्या फटीतून तो वस्तरा पाहिला आणि तिची बोटं आपोआप हलली. घेतील, घरी आणतील, माठापाशी ठेवतील, ती मनात म्हणाली. सावळारामानं हात पुढं केला. मग मागं घेतला.

"आबा, खोटं न्हाय बोलत. ही धार माझी न्हाय. आमच्या घरातल्या माणसाची हाय. रामहरीमामांच्या लेकीची."

कुडामागच्या सगळ्या बायका ठमाकडं वळल्या. तिनं पदर पुढं ओढून मान खाली घातली.

गेणबांनी फडकं पुन्हा गुंडाळलं, गाठ मारली. "माझ्या बापाचा वस्तरा बाईमाणसाच्या हातात देऊ?" ते रागानं बोलले नाहीत. खरंच न समजल्यासारखं बोलले, आणि तेच ठमाला जास्त लागलं. ते उठून गेले.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघंच होती. बैल आपल्या चालीनं चालले होते. ठमा म्हणाली, "कशाला बोललासा? आन् तुमाला कळलं कवा?"

"पयल्याच दिवशी. माझ्या हातनं तसली धार लागली आसती, तर मी आधी गावातनं मिरवणूक काढली आसती."

"मग इतकी वर्सं बोलला न्हाईत ते?"

"तू बोलली न्हाईस. म्हटलं, तिला चोरून करायचंय तर आपण कशाला जागं व्हा." सावळारामानं कासरा सैल सोडला. "पर ठमे, आज मांडवात सगळे वाहवा माझ्या ताटात वाढत व्हते. घास गिळवंना बघ मला."

ठमानं पदर तोंडाला लावला. रडते की हसते ते त्याला कळेना, म्हणून तो बैलांशी बोलू लागला.

पण झाली गोष्ट पसरली. बाजाराला आलेले न्हावी आता सावळारामाशी बोलायचे, चहा प्यायचे, वस्तरा मात्र धोकटीतून काढायचे नाहीत. एक जण हसत म्हणालाही, "सावळारामाची दाढी आता बायकू करतीय म्हणं." सावळाराम म्हणाला, "व्हय की. आन् बघ, कुठं कापलंय का!" त्यानं गाल पुढं केला. लोक हसले, पण वस्तरे काही आले नाहीत. नवऱ्याचे दोन वस्तरे ठमा पाजवायची, ते झालं की हात रिकामे. ती पाटा घासायची, विळ्या घासायची, शेजारच्या सगळ्या बायकांच्या विळ्यांना तिनं अशी धार लावली की गल्लीतल्या निम्म्या बोटांना चिंध्या बांधल्या गेल्या.

गुऱ्हाळं सुरू झाली होती. एका सकाळी इंदापूरहून येणारी सर्व्हिस मोटार पेठेत थांबली आणि थोड्या वेळानं एक ठेंगणी, गोरी म्हातारी दारात उभी राहिली. दातांना मिश्री, काखेत बोचकं.

"रामहरीची ठमा तूच न्हवं? मी गेणबाची बायकू, द्वारका. पानी दे आधी. त्या मोटारीनं आतडी वर आली माझी."

पाणी पिऊन तिनं बोचकं सोडलं आणि तेच फडकं बाहेर काढलं. ठमानं वस्तरा उघडला आणि "अगं बाई" म्हणून खालीच बसली. गंज तसाच होता, खांडा गेल्या होत्या, पण टोकाला मोरपिसासारखा निळा डाग पडला होता.

"बाजारात धार लावणारा एक चाकवाला आला व्हता," द्वारकाबाई सांगू लागल्या. "म्हातारं त्येच्याकडं गेलं. त्यानं चाकावर धरला, ठिणग्या उडाल्या, ह्यांचं त्वांड बघवंना. तवापास्नं पेटीत टाकलाय आन् जेवताना बापाच्या गोष्टी सांगत्यात. मी म्हटलं, मला बारामतीला भनीकडं जायाचंय. आता ही भन तूच."

"काकी, गेणबांनी न्हाय म्हटलंय. त्यांना कळलं तर?"

"त्यांना काय कळायचंय ते मी बघीन. पन्नास वर्सं त्यांची भाकरी मी थापतीय. ती न्हाय बाटली बाईच्या हातानं?"

चाकावर पोलाद तापलं, त्याचा निळा डाग पडला, म्हणजे तिथलं पाणी गेलं, पोलाद मऊ पडलं. ती जागा आता धार धरणार नव्हती. ठमानं वस्तरा रॉकेलमध्ये भिजत घातला. पुढचे दोनचार दिवस द्वारकाबाई राहिल्या. त्या पाणी शिंपडायच्या, बोलायच्या, स्वतःच्याच बोलण्याला हसायच्या. ठमा चिंधीला राख लावून गंज घासत राहिली. तांबड्याखालून हळूहळू करडं, मग पांढरं पोलाद वर आलं, मुठीजवळ एक पुसट मुकुट आणि इंग्रजी अक्षरं दिसली. सावळाराम घरात येता जाता डोकवायचा आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकांना म्हणायचा, "आज आत बोलू नगा, बाळंतपण चाललंय."

निळ्या टोकाचं काय करायचं हा प्रश्न होता. ते राखलं तर तिथं वस्तरा केस ओढणार. ठमानं एक सकाळ नुसती विचारात घालवली. मग सावळारामाच्या खरबरीत दगडावर ते निळं सगळं घासून काढलं आणि टोकदार नाकाला गोल वळण दिलं. वस्तरा नखभर आखूड झाला.

"बापाची खूण गेली म्हणतील ते," द्वारकाबाई पहिल्यांदाच घाबरल्या.

"जावळ काढायचंय न्हवं? पोराची टाळू मऊ आसती, आन् पोरगं हालतंय. टोक आसलं तर रुतंल. आता कसं बी हाललं तरी न्हाय रुतायचं."

शेवटी काळा निसणा. आवाज बारीक बारीक होत गेला, आणि द्वारकाबाईंचं बोलणंही आपसूक थांबलं. चामड्याच्या पट्ट्यावर, मग तळहातावर वस्तरा फिरवून ठमानं म्हातारीकडं बघितलं. "काकी, तुमचा एक पांढरा केस द्या. माझा जाड हाय, तो कशानं बी तुटंल."

पांढरा केस धारेवर पडला. पडलेला दिसला, तुटलेला दिसलाच नाही. जमिनीवर दोन तुकडे होते. द्वारकाबाईंनी ठमाच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं त्या गेल्या.

मग काही दिवस काहीच कळलं नाही. ठमा मोटारीचा भोंगा वाजला की कान द्यायची आणि आपण कान दिला नाही असं दाखवायची.

एका दुपारी ती दारात ज्वारी निवडत होती. सावळाराम गावात गेला होता. वाटेवर सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं, तर गेणबा. हातात काठी, खांद्याला धोकटी. ती घाईनं उठली, पदर सावरला, पाया पडली.

"घरात कुणी न्हाईत आबा. आत्ता बोलावते."

"सावळारामाकडं न्हाय आलो." ते लिंबाखालच्या पोत्यावर, गिऱ्हाइकाच्या जागी टेकले. पाणी प्याले. बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. "पोरगं झोपलं," ते म्हणाले.

ठमाला कळेना.

"जावळ काढताना. मामाच्या मांडीवर बसलं व्हतं. मी वस्तरा टेकवला आन् त्येनं मान टाकली. मला वाटलं चक्कर आली. बघतो तर झोपल्यालं. सूनबाई, जन्म गेला माझा ह्या कामात, पर जावळात झोपल्यालं पोरगं म्या बघितलं न्हवतं." ते थांबले. "आन् त्या म्हातारीला इचारलं, नाक गोल कुणी केलं, तर म्हणती, भनीनं. हसतीय आपली."

त्यांनी धोकटी पुढं ओढली. आत त्यांचे स्वतःचे, रोजच्या वापरातले वस्तरे होते. "ह्ये बी बघ. पर माझ्यासमोर. मला बघायचंय."

ठमानं निसणा आणला. पाणी घालण्यातच तिनं उगाच वेळ काढला. पहिले काही फेरे वस्तरा घोगरा बोलला, मग सुरात आला, आणि मग ती गेणबा समोर आहेत हेही विसरली. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून डोळे मिटून ऐकत होता. अचानक डोळे उघडून म्हणाला, "थांब."

ती थांबली.

"मुठीकडं तुझा हात जड पडतोय. केसभर. ऐकलंस? येताना येगळा आवाज, जाताना येगळा."

ठमानं पुन्हा फिरवला. खरंच. इतक्या वर्षांत तिला ऐकू आलं नव्हतं. अंथुर्ण्याचा बाप गेल्यापासून तिची चूक दाखवणारं माणूसच भेटलं नव्हतं.

"कोपर अंगाला लाव," गेणबा म्हणाले आणि पोत्यावरून सरकत दगडापाशी आले. "आण हिकडं. आसं बघ."

सावळाराम दिवस कलताना घरी आला. भूक लागलेली. लिंबाखाली गेणबा आणि ठमा एका दगडावर डोकी घालून बसलेली. कुणी वर बघितलं नाही. चूल थंड होती, निवडायची ज्वारी सुपात तशीच पडली होती. तो थोडा वेळ दारात उभा राहिला, एकदा खोकला, आणि मग आत जाऊन चूल पेटवायला बसला. त्यानं जन्मात पहिल्यांदा पिठलं केलं. ते तळाला लागलं, मीठही जरा जास्त झालं, आणि भाकरी शेजारणीकडून मागून आणावी लागली.

तिघं एकत्रच जेवली. गेणबा खाली मान घालून जेवत होते. मग त्यांनी वाटी पुढं केली.

"वाढ आनखी, सावळाराम," ते म्हणाले. "हात मऊ हाय तुझा."

ठमाला ठसका लागेपर्यंत हसू आलं. सावळाराम पाण्याचा तांब्या घेऊन उठला आणि तोही हसायला लागला.